चेनसॉच्या चेनला धार लावायचं ८५ वॅटचं मशीन, आठ महिने वापरून (आणि २५ की ३० डिग्री हा प्रश्न)

ऑनलाइन मिळणारं ते छोटं इलेक्ट्रिक ग्राइंडर, टेबलाच्या कडेला बोल्टने बसवायचं आणि वरून फिरता दगड खाली आणायचा, ते घेऊन आठ महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण तेव्हा लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं, पहिल्या महिन्यात मी या मशीनवर दोन चेन खराब केल्या आणि दोष चेनला दिला.

आधी माझं काम सांगतो कारण दाताच्या धारेचा कोन कुठला लावायचा ते त्यावरच ठरतं. दापोली तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे, खाली पुळणीला लागून थोडे माड आणि सुपारी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आडवी झालेली झाडं उचलायला माणूस मिळेना, तेव्हापासून आमच्या वाडीत चेनसॉ घरोघरी आले. माझा १८ इंची बारचा (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) आहे, ०.३२५ पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात), चेनला ३६ दात, १८ डावे १८ उजवे. इतकी वर्षं ४.८ मिलिमीटरची गोल कानस घेऊन मांडीवर चेनसॉ धरून धार लावायचो. कानशीने धार चांगलीच लागते पण उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूचा कोन नीट येतो आणि दुसऱ्या बाजूचा हळूहळू बदलत जातो, कळत पण नाही. म्हणून मशीन घेतलं.

मशीन २६५० रुपयांना पडलं. दगड १०८ मिलिमीटरचा, जाडी ३.२, जी माझ्या ०.३२५ ला आणि छोट्या लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या दातांच्या) चेनला चालते, मोठी ३/८ किंवा ०.४०४ ची चेन असेल तर ४.८ चा दगड लागतो आणि तो यावर बसत नाही, त्यांनी हे घेऊच नये. खालचा वाइस (चेन पकडणारा शिकंजा) दोन्ही बाजूंना ३५ डिग्रीपर्यंत फिरतो. महागड्या मशीनला तीन गोष्टी सेट करता येतात, वाइस किती फिरवायचा, दगडाचं डोकं किती कलवायचं (साधारण ५५-६०) आणि वाइस खाली किती झुकवायचा. याला फक्त पहिलीच आहे, डोक्याचा कल कंपनीने फिक्स करून दिलाय. आमच्यासारख्या गोल कोपऱ्याच्या सेमी-चिझल चेनला त्याने अडत नाही.

आता खरी तक्रार. वाइसखाली डिग्रीचे आकडे छापलेत ते खोटे आहेत. पहिल्यांदा दोन्ही बाजूंना ३० वर काटा ठेवून पूर्ण चेनला धार काढली, दात बघायला एकदम चकाचक. दुसऱ्या दिवशी फणसाचं खोड कापायला आलेला मुलगा दहा मिनिटांत म्हणाला, दादा, मशीन एका बाजूला ओढतंय. काप सरळ जाईच ना, खोडात कमानीसारखा वळत होता आणि बार आत अडकत होता. मला वाटलं बार झिजलाय, बार उलटा करून लावला, तरी तेच. शेवटी मुलाच्या कंपासपेटीतलं कोनमापक आणून वाइस मोजला तर उजवीकडचे ३० हे ३० होते आणि डावीकडचे ३० भरले २६. म्हणजे अर्धी चेन एका कोनाची आणि अर्धी दुसऱ्या.

आता मी छापलेल्या आकड्याकडे बघतच नाही, कोनमापकाने मोजून पांढऱ्या रंगाने माझ्या खुणा करून ठेवल्यात, दोन्हीकडे २५ आणि दोन्हीकडे ३०. घेणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढं कराच. बऱ्याच चेनच्या दातावर मागच्या बाजूला कंपनीची एक तिरकी रेघ असते, तीसुद्धा ताडून बघायला कामाला येते.

ही डाव्या-उजव्या दातांची चेन कशी निघाली ते वाचलं तेव्हा मला हे जास्त पटलं. अमेरिकेत ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता, त्याने लाकूड पोखरणारी अळी बघितली, ती जबडा एकदा डावीकडे एकदा उजवीकडे चालवत ओंडका खात होती, त्यावरून त्याने अशी चेन बनवली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. दोन्ही बाजू सारख्या खाल्ल्या तरच वाट सरळ जाते. त्यामुळे माझ्या मते २८ असो की ३०, दोन्हीकडे २८ असलेली चेन एकीकडे ३० आणि दुसरीकडे २६ असलेल्या चेनपेक्षा कितीतरी बरी. लांबीचंही तसंच. मी आधी व्हर्नियरने सगळ्यात छोटा दात शोधतो, स्टॉपर त्यावर सेट करतो आणि बाकीचे त्याच्या मापावर आणतो.

मग २५ की ३०? बारला काटकोनात रेघ धरली तर तिच्यापासून दाताची वरची कड किती तिरकी, तो हा कोन. जास्त तिरकी कड म्हणजे पातळ आणि तेज, मऊ ओल्या लाकडात भराभर जाते पण लवकर बोथट होते. कोन कमी केला की कड मजबूत, थोडी हळू चालते पण टिकते. पाकिटावर बहुतेक वेळा ३० असतं आणि आंब्याची जुनी झाडं छाटताना, ओला काजू, ओला अकेशिया यांना मी ३० च ठेवतो. पण सुका ऐन, किंजळ, सागाचे जुने वासे किंवा फणसाचा गाभा असेल तर २५. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार खाते. आणि माड तर वेगळंच प्रकरण, बाहेरचा थर कडक धाग्यांचा, आणि पुळणीजवळच्या माडाच्या सालीत वाळू बसलेली असते, तिथे ३० ची चेन दुसऱ्या माडाला बोथट होऊन भुसा पिठासारखा टाकायला लागायची. २५ ला आणल्यापासून तेवढ्याच कामाला मधे एकदा कमी थांबावं लागतं, शिवाय मशीन हातात कमी थरथरतं. खोड उभं चिरून फळ्या काढायच्या असतील तर १० डिग्रीची वेगळी चेन ठेवा, ३० च्या चेनने उभं चिरायला जाल तर मशीन आणि माणूस दोन्ही दमतात आणि फळी खडबडीत निघते.

पण एकाच चेनचा कोन सारखा बदलत बसू नका, प्रत्येक वेळी नवीन कोन आणायला दाताचं बरंच लोखंड उगाच जातं. मी दोन्ही कोनांच्या चेन वेगळ्या ठेवल्यात, लाल सुतळी बांधलेल्या त्या २५ च्या.

दुसरी खराब केलेली चेन तापवून घालवली. दगड दातावर दाबून धरला आणि कड निळी झाली. निळी झाली म्हणजे दाताचं पाणी उतरलं, तो दात मऊ पडतो आणि दोन कापांत बोथट होतो. अगदी हलका स्पर्श, उचलायचं, परत स्पर्श, असं तीन-चार वेळा. ८५ वॅटची मोटर तशी कमजोर आहे पण दात जाळायला पुरेशी आहे. वाइसचा स्क्रूपण ढिला आहे, दगड टेकला की चेन जराशी सरकते, मी मधे पत्र्याची पातळ पट्टी घातली तेव्हा घट्ट बसली. आणि नवीन दगड बसवायच्या आधी टिचकी मारून बघा, खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर तडा असू शकतो, लावू नका. चष्मा लावल्याशिवाय तर चालूच करू नका, दगडावरचं झाकण नावालाच आहे.

रेकर म्हणजे दाताच्या पुढचा तो छोटा उंचवटा, तो या मशीनवर घासायला जाऊ नका. त्याला चपटी कानस आणि ०.६५ मिलिमीटरची गेज पट्टी. धार तीन-चार वेळा लावल्यावर तपासायचा. जास्त खाली गेला तर चेन लाकडाला हावरटासारखी धरते आणि बार उसळून अंगावर यायचा धोका वाढतो, तिथे घाई नको.

वर्षात दोन-चार वेळा चेनसॉ काढणाऱ्याने हे घेऊ नये, चांगली कानस आणि कानशीचा गाइड घ्या. स्टिल (Stihl) कंपनीची टू-इन-वन कानस दात आणि रेकर एकदम घासते, घरगुती कामाला ती उत्तम. माझ्यासारख्याला, म्हणजे पाच-सहा चेन फिरत्या आहेत आणि दगडावर आदळून दात तुटलेली चेन परत मापात आणायची असते, त्याला हे मशीन वेळ खूप वाचवतं, पूर्ण चेन पंधरा मिनिटांत होते. शेतात असताना मात्र अजूनही खिशात कानस असते, दोन टाक्या पेट्रोल झालं की प्रत्येक दाताला दोन हात मारतो आणि मशीनवर चेन फार झिजली तरच चढवतो.

पाचपैकी तीन स्टार. डावीकडचे आकडे बरोबर छापले असते आणि वाइस लोखंडी असता तर चार दिले असते. मागवताना सोबत ३.२ चे दोन दगड जादा घ्या आणि दगडाच्या भोकाचं माप मशीनच्या दांड्याशी जुळवूनच घ्या, मी न बघता मागवलेला एक दगड अजून पडून आहे.