सिलिकॉनची अंबू बॅग: उन्हाळ्यापासून फवारणीच्या हंगामापर्यंतचा अनुभव

अंबू बॅग म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाला मास्कमधून हवा देण्यासाठी हातानं दाबायची पिशवी. ही मोठ्या माणसांसाठीची, साधारण दीड लिटरची. सोबत 4 आणि 5 नंबरचे मास्क, रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठवणारी) पिशवी आणि ऑक्सिजनची नळी. रुग्णवाहिकेत आणि गावातल्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात, दोन्हीकडे ती वापरात आहे. घ्यावी असंच सांगू, पण गाडीतल्या किमान दोघांचा हात बसल्याशिवाय नुसती ठेवून उपयोग नाही.

सगळी अडचण मास्कपाशी येते. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. जबडा वर, मास्ककडे उचलायचा. शिकाऊ माणूस उलट मास्कच खाली दाबतो; मान वाकते, जीभ मागे पडते, हवा कडेनं फुसफुसत निघून जाते. दाढी असेल किंवा तोंडात दात नसतील तर एकट्यानं जमतच नाही. एकानं दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्यानं बॅग दाबावी.

दाबायचं किती? छाती उठलेली दिसेल इतकंच. म्हणजे 500 ते 600 मिली, बॅगेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, एका सेकंदात. नाडी लागत असेल तर दर 6 सेकंदांना एक श्वास. हृदय थांबल्यामुळे छातीदाब चालू असेल तर 30 दाबांमागे 2 श्वास. घाबरलेला माणूस भराभर दाबतो, हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. म्हणून मोठ्यानं मोजायला लावा.

आपल्या भागात हिचं खरं मोल मण्यारीच्या दंशात कळतं. रात्री झोपेत चावते, खूण धड दिसत नाही. पुढे पोट दुखतं, पापण्या मिटतात, थुंकी गिळता येत नाही, श्वास थांबतो. हृदय मात्र चालू असतं. दवाखान्यापर्यंत श्वास देत राहिलं तर माणूस वाचू शकतो. थांबलेला श्वास सर्पविषाच्या लसीनं लगेच परत येत नाही, त्यामुळे लस सुरू झाली तरी बॅग सोडू नका. रुग्ण हलत नसला तरी त्याला ऐकू येत असू शकतं, त्याच्याशी बोलत राहा.

फवारणीच्या विषबाधेत (2017 साली यवतमाळनं ती भोगली आहे) तोंडानं श्वास देणं धोक्याचं, तिथे ही बॅगच हवी. हातमोजे घाला, भिजलेले कपडे काढा. तोंडात फेस फार असतो, तो आधी सक्शननं (स्राव ओढून काढणाऱ्या यंत्रानं) ओढा. नाहीतर बॅग आणि मास्कमधल्या झडपेत चिकटतो आणि बॅग दाबूनही हवा आत जात नाही.

सिलिंडर नसला तरी बॅग चालते, बाहेरची हवा घेते. हे अनेकांना माहीत नसतं. ऑक्सिजन मिनिटाला 10 ते 15 लिटरवर आणि रिझर्व्हॉयर फुगलेला ठेवा. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर असतात, म्हणजे 15 लिटरच्या वेगानं 100 मिनिटं. भामरागडहून गडचिरोली गाठायला तेवढ्यानं भागत नाही.

सिलिकॉनला उन्हाळ्यानं काही झालं नाही. रिझर्व्हॉयरची प्लॅस्टिक पिशवी मात्र बंद गाडीत घडीवर चिकटली, आणि मास्कच्या फुगीर कडेतली हवा कमी होत राहिली. सिरिंजनं भरावी लागते. धुताना झडप सुटी करा, पूर्ण वाळवा. जोडल्यावर बॅगेच्या तोंडावर, मास्क लागतो तिथे, तळवा दाबून बॅग दाबा: हाताला अडलेली लागली तर ठीक, सहज बसली तर गळती आहे किंवा झडप चुकीची बसली आहे. ही तपासणी दर पाळीला करा.

लहान मुलांसाठी 500 मिलीची बॅग वेगळी घ्या, आणि दोन्हींच्या जादा झडपा त्याच वेळी मागवा. तालुक्याला त्या मिळत नाहीत.