डिकीतला जुना होज

स्वस्तातला माल घेऊन फसलो असतो तर गप्प बसलो असतो. मी पूर्ण पैसे मोजून फसलो.

माझी मारुती ८०० जुनी. मॉडेल २०१४ मध्ये बंद झालं, तेव्हापासून तिचे पार्ट म्हटलं की चार दुकानं फिरावीच लागतात. चवथीआधी बेळगावला जायचं होतं, म्हणून रेडिएटरचा वरचा होज (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरला नेणारी रबरी नळी) आणि फॅनबेल्ट बदलायला काढले. (हिच्यात पंखा विजेवर फिरतो, तरी सगळे फॅनबेल्टच म्हणतात. तो बेल्ट वॉटर पंप आणि वीज तयार करणारा अल्टरनेटर फिरवतो.)

शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात गेलो होतो, तिथेच एका दुकानात दोन्ही मिळाले. चकचकीत खोका, वर होलोग्राम. बिल मागितलं तर दुकानदार हसला, "बिल कित्याक, पात्रांव? कितें जालें जाल्यार हांव आसां मरे!" म्हणजे बिल कशाला, काही झालं तर मी आहे ना. मीही भिडस्त. पैसे देऊन निघालो.

आठवड्यातच हेडलाइट लावले की बेल्ट किंचाळायला लागला. पावसाची ओल असेल म्हणून दुर्लक्ष केलं. ही माझी चूक.

केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बॉनेटमधून वाफ. होज क्लिपजवळ फुग्यासारखा फुगून उभा फाटलेला. रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता तासभर थांबलो. डिकीत काढलेला जुना होज होता. मेकॅनिकने "राहू दे" म्हणून परत दिलेला. तोच बसवला, प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि गाडी मागे फिरवली. बेळगाव राहिलं. पंधरा दिवसांनी हेड गॅस्केटही (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं.

डिचोलीच्या मेकॅनिकने दोन्ही होज ब्लेडने कापून शेजारी ठेवले. जुन्यात रबराच्या दोन थरांमध्ये दोऱ्याची वीण. नव्यात नुसतं काळं रबर. गरम पाण्याचा दाब ती वीण पेलते, ती नसेल तर होज फुगणारच. मग खोका नीट पाहिला. पॅकिंगचा महिना-वर्ष नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. होलोग्राम नखाने निघाला.

म्हापशाला गेलो तर तोच दुकानदार होजकडे बघून म्हणाला, "हो आमचो न्हय." म्हणजे हा आमचा नाही. बिल कुठे होतं माझ्याकडे!

काउंटरवर एक ओम्नीवाला तसलाच खोका हातात घेऊन उभा होता. त्याला म्हटलं, होज बाहेर काढा आणि कापलेल्या टोकाकडे बघा, दोरा दिसतो का? त्याने टोक उजेडात धरलं, बोटाने फिरवून पाहिलं आणि खोका काउंटरवर ठेवून तो निघून गेला. दुकानदाराने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.