ग्राफिक्स कार्डाचा क्लॉक बांधून सात महिने वापरल्यानंतर

गेले सात महिने माझ्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड मी ठरवून दिलेल्या क्लॉकवर, म्हणजे मेगाहर्ट्झमध्ये मोजल्या जाणाऱ्या कामाच्या ठरावीक वेगावर, चालत आहे. त्यापूर्वीचे जवळपास वर्षभर गेम अडखळण्याचा दोष मी रॅम, हार्ड डिस्क, विंडोज आणि शेवटी खुद्द गेम बनवणाऱ्यांवर टाकत आलो होतो. या काळात विंडोज दोनदा नव्याने टाकून झाले. त्याचा उपयोग झाला नाही.

गोंधळ होण्याचे कारण असे, की कार्डाला घाम फोडणाऱ्या नव्या गेममध्ये हा त्रास जवळपास नव्हताच. तो जाणवायचा तो जुन्या आणि हलक्या गेममध्ये, तेही सेकंदाला ६० फ्रेमची, म्हणजे ६० चित्रांची, मर्यादा घालून खेळताना. अरुंद बोळातून चालत असेपर्यंत सगळे सुरळीत असे, पण कोपऱ्यावर वळून समोर मोकळे मैदान दिसले की चित्र क्षणभर थबकायचे आणि पुन्हा चालू लागायचे. पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा तेवढ्यात ६० वरून ५८ होऊन परत ६० दाखवायचा, त्यामुळे आकड्यावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, हेच कळत नसे. ६० फ्रेमच्या हिशेबात प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. त्यातल्या एकाच फ्रेमने ४० मिलिसेकंद घेतले तरी सेकंदाची सरासरी फारशी हलत नाही, डोळ्याला मात्र तो झटका लगेच खुपतो.

उलगडा झाला तो एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर हे कार्डावर नजर ठेवणारे प्रोग्राम वापरून फ्रेमटाइम (प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ) आणि कोअर क्लॉक (कार्डाच्या मुख्य चिपचा क्लॉक) यांचे आलेख पडद्यावर एकाखाली एक लावले तेव्हा. सुरुवातीला तिथेही काही दिसले नाही, कारण आफ्टरबर्नर मुळात दर १००० मिलिसेकंदांनी एकदाच नोंद घेतो आणि आपल्याला हवी ती घटना त्या दोन नोंदींच्या मध्येच उरकून जाते. हे अंतर १०० वर आणल्यावर चित्र स्पष्ट झाले. बोळात क्लॉक १९०० मेगाहर्ट्झवरून घसरत ८०० च्या आसपास येऊन बसत होता, आणि मैदान दिसताच तो वर चढेपर्यंत फ्रेमटाइमच्या आलेखात सुळका उठत होता. कार्डाचा वापर मात्र तेव्हा ६०-७० टक्के दिसायचा. ही टक्केवारी त्या क्षणीच्या क्लॉकवर कार्ड किती वेळ कामात होते एवढेच सांगते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ८०० मेगाहर्ट्झवरचे ७० टक्के म्हणजे कार्डाच्या एकूण ताकदीचा लहानसा भाग, आणि मी मात्र कार्ड पुरेसे राबत आहे असे समजत होतो.

कार्डाची यात तशी चूक म्हणता येणार नाही. काम कमी दिसले की वीज वाचवण्यासाठी ते क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही उतरवते. पण हा निर्णय मागच्या काही क्षणांतील कामावरून घेतला जात असल्यामुळे पुढची फ्रेम जड आहे हे त्याला आधी कळण्याचा मार्गच नसतो.

पहिला उपाय म्हणून ड्रायव्हरमधील, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, वीज व्यवस्थापनाचा पर्याय मी सर्वाधिक कामगिरीवर ठेवला. झटके कमी झाले. मात्र तो सर्व प्रोग्रामसाठी लावल्यामुळे साधे पत्र लिहितानाही कार्डाचा पंखा फिरत राहू लागला, म्हणून आठवड्याभरात तो पर्याय केवळ दोन-तीन गेमपुरता ठेवला. एवढ्यावर भागत असेल तर पुढे जाण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. माझे भागले नाही.

त्यानंतर आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक हे दाखवणारा वक्र उघडला, त्यावरील एक बिंदू निवडून तिथे क्लॉक बांधण्यासाठी एल दाबले आणि बदल लागू केला. पहिल्यांदा हावरटपणाने १९५० मेगाहर्ट्झचा बिंदू धरला. जड गेममध्ये अर्ध्या तासात तापमान वाढले आणि कार्डाने स्वतःच क्लॉक उतरवायला सुरुवात केली, म्हणजे पूर्वी जिथे त्रास नव्हता तिथे तो मी ओढवून घेतला. क्लॉक बांधला तरी तापमानाची आणि विजेची मर्यादा त्याच्या वरचढच राहते. शेवटी ०.९ व्होल्टच्या जवळ १८०० मेगाहर्ट्झवर स्थिरावलो. कागदावर दीडशे मेगाहर्ट्झ गमावले, पण खेळताना तो फरक मला ओळखता आला नाही; तापमान उतरले, पंख्याचा आवाजही कमी झाला. आलेखात १५ मेगाहर्ट्झचे एखादे पाऊल अजूनही खाली-वर होते, त्याने काही बिघडत नाही.

सात महिन्यांत दोनदा ही मांडणी तपासावी लागली. एकदा ड्रायव्हर बदलल्यानंतर तोच बिंदू अस्थिर ठरून गेम बंद पडू लागला, तेव्हा व्होल्टेज किंचित वाढवले. दुसऱ्यांदा कारण निव्वळ धूळ होते. आता खेळताना एक प्रोफाइल (जतन केलेली मांडणी) आणि एरवी मूळ प्रोफाइल आपोआप लागेल अशी सोय आफ्टरबर्नरमध्येच केली आहे, त्यामुळे रिकाम्या वेळी कार्ड पूर्वीसारखेच थंड बसते. नोंदीचे अंतरही पुन्हा १००० वर नेले आहे.

एका नव्या गेममध्ये प्रत्येक नवा प्रदेश पहिल्यांदा उघडताना झटके येतातच. त्यासाठीही मी बरेच दिवस क्लॉकच्या मागे लागलो होतो, आणि ते वाया गेले असेच म्हणावे लागेल; कारण त्या वेळी क्लॉकची रेषा सरळ असते आणि सुळका फक्त फ्रेमटाइममध्ये उठतो. ते काम शेडर, म्हणजे चित्र कसे रंगवायचे हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार होण्याचे आहे. त्याच वाटेने दुसऱ्यांदा गेले की झटका येत नाही, म्हणून त्या गेमसाठी कार्डाला मी हात लावलेला नाही.