एक पाय खरंच आखूड की कंबर तिरकी? टाचेखाली पॅड घ्यायचं की व्यायाम करायचा

सलवारीचं माप घेताना टेलर म्हणाले, "ताई, डावीकडची पाव इंच वर घेतो, नाहीतर जमिनीला घासते." तोवर मला वाटायचं की कंबर दुखते ती ऑफिसच्या खुर्चीमुळे. नंतर दीडेक वर्ष मी वेगवेगळ्या ठिकाणी फिरले, आणि माझ्या वहिनीचंही वरवर बघता सेम दुखणं होतं पण उपाय एकदम उलटा निघाला, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून लिहितेय. तुम्ही आता पॅड घेऊ की फिजिओ लावू अशा विचारात असाल तर आधी हे वाचा.

पाय लहानमोठा दिसण्याची मुळात दोन कारणं असतात. एक म्हणजे हाडच आखूड किंवा लांब असतं. दुसरं म्हणजे हाडं सारखीच असतात पण स्नायू आखडल्यामुळे, खुबा किंवा गुडघा पूर्ण सरळ न होण्यामुळे, एकाच पायाचा तळवा सपाट असल्यामुळे किंवा पाठीच्या बाकामुळे कंबर एका बाजूला तिरकी होते आणि एक पाय छोटा "वाटतो". पहिल्यात खालून भर घालावी लागते, दुसऱ्यात नाही. आणि हो, रील्समध्ये जो पेल्विक टिल्ट दाखवतात, पोट पुढे आणि कमरेत खोलगट, तो पुढे-मागे झुकणारा प्रकार आहे, तो ज्यांना काहीच दुखत नाही अशा भरपूर लोकांतही असतो, त्याचा पायाच्या लांबीशी संबंध जोडू नका.

माझं कारण हाडाचं. सहा वर्षांची असताना चिंचेवरून पडून उजवी मांडी मोडली होती. लहान मुलांत मांडीचं हाड मोडलं की जुळताना तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि ते हाड दुसऱ्यापेक्षा थोडं जास्तच वाढतं, साधारण सेंटीमीटरभर. म्हणजे माझा मोडलेला पाय लांब झाला आणि धडधाकट डावा "आखूड" ठरला! उभं राहून, गुडघे सरळ ठेवून काढलेल्या एक्सरेत फरक निघाला 11 मिलिमीटर.

वहिनीचं कारण वेगळं. बाळाला दोन वर्षं सतत डाव्या कडेवर घेऊन घेऊन डावीकडचा, बरगड्या आणि कमरेच्या हाडामधला स्नायू इतका आखडला की कंबर तिकडून वर ओढली गेली. टेपने कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत मोजलं तर दोन्ही पाय सारखे, बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजलं तर डावा कमी. हा फरक लक्षात ठेवा, तपासणारा माणूस दोन्ही मापं घेतोय का बघा. टेपचं माप अर्धा-एक सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतं, त्यामुळे नुसत्या टेपवर पॅडची जाडी ठरवू नये.

आणि तिने काय केलं, तर माझं पॅड उचलून डाव्या चपलेत चिकटवलं. आधीच वर ओढलेली कंबर अजून वर गेली. चार दिवसांत तिला वाकून केर काढता येईना.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, टाचा एका रेषेत ठेवा आणि कोणालातरी बघायला सांगा. समोरून एक गुडघा खाली दिसला तर नडगी आखूड असू शकते, बाजूने बघताना एक गुडघा मागे राहिला तर मांडी. पण निकाल लागतो उभं राहून. माझ्या फिजिओने प्लायवूडच्या पातळ पट्ट्या आणल्या होत्या, डाव्या पायाखाली एकेक सरकवायची आणि माझ्या मागे बसून दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर ठेवून बघायची. दुसऱ्या पट्टीला मला एकदम वाटलं की वजन दोन्ही पायांवर सारखं आलं, म्हणजे इतकी वर्षं ते सारखं नव्हतं हे तेव्हा कळलं.

आता पॅड. बहुतेक लोकांच्या पायात काही मिलिमीटरचा फरक असतोच, दुखत नसेल तर काहीही घालू नका. दुखत असेल आणि फरक हाडाचा असेल तर पॅड स्वस्त आहे, लगेच काढता येतं, म्हणून आधी तेच करून बघावं. फक्त पूर्ण फरक एकदम भरायचा नाही कारण पाठीला वर्षानुवर्षांची तिरकी सवय झालेली असते. मी 3 मिलिमीटरपासून सुरू केलं, तीन आठवड्यांनी 6, आणि तिथेच थांबले. स्पंजचं मऊ पॅड घेऊ नका, वजनाने दबून जातं आणि जाडीला काही अर्थ राहत नाही, कडक रबर किंवा कॉर्क घ्या. बुटाच्या आत सेंटीमीटरच्या वर गेलं की टाच बाहेर निसटते, मग बाहेरून पूर्ण सोल वाढवावा लागतो.

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे आपण घरात अनवाणी. दिवसभर बुटात पॅड आणि संध्याकाळी ओट्यापाशी दीड तास अनवाणी उभं, मग कसलं सुधारणार? मी कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडून घरातल्या डाव्या चपलेला खालून रबराचा थर लावून घेतला. पॅडने जेवढं बरं वाटलं त्यातलं निम्मं श्रेय त्या चपलेला.

व्यायामाला पैसे कमी लागतात पण चिकाटी फार लागते. वहिनीला आखडलेल्या बाजूचं स्ट्रेचिंग, कुशीवर झोपून पाय वर उचलणं, साइड प्लँक आणि मुख्य म्हणजे बाळाची कड बदलणं, एवढ्यावर सात-आठ आठवड्यांत फरक पडला. मला तेच व्यायाम मदत करतात पण हाड काही त्याने वाढत नाही.

मधल्या काळात मी एका ठिकाणी टेबलवर झोपून पाय ओढून घेतला होता, "कंबर सरकलीय, पाऊण इंच फरक आहे" म्हणून दहा सिटिंगचे पैसे आधीच घेतले. ओढल्यावर पाय सारखे दिसायचे, दोन दिवस मोकळं वाटायचं, परत तेच. झोपल्यावर थोडं इकडेतिकडे सरकलात तरी टाचा मागेपुढे दिसतात. मला खूप राग आहे या प्रकाराचा, कारण एक एक्सरे कोणी सांगितला नाही.

ऑपरेशनचा विचार साधारण 2 सेंटीमीटरच्या वरच होतो. वाढीच्या वयात लांब पायाची वाढ वेळेवर थांबवता येते, ते तुलनेने छोटं ऑपरेशन, पण मुलींची वाढ चौदाच्या आसपास आणि मुलांची सोळाच्या आसपास संपते, म्हणून मूल लंगडत असेल तर मोठं झाल्यावर बघू असं करू नका. हाड लांब करायची पद्धत सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव डॉक्टरांनी 1950 च्या दशकात आणली, हाड कापून रोज 1 मिलिमीटर ताणायचं. म्हणजे 5 सेंटीमीटरला नुसतं ताणायलाच 50 दिवस, आणि नवीन हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट तरी. माझ्यासारख्या 11 मिलिमीटरसाठी कोणी हे सुचवलं तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

काही जणांनी स्वतःहून पॅड घेऊच नये. खुब्याचा सांधा बदललेल्यांना सुरुवातीला तो पाय लांब वाटतो, ते बऱ्याचदा काही महिन्यांत स्नायू सैल झाले की जातं. लहानपणी पोलिओ झालेल्या काका-मावश्यांचा पाय थोडा आखूड असणंच सोयीचं असतं, कारण पाऊल उचलत नसेल तर तेवढ्यामुळेच ते जमिनीला न अडखळता पुढे जातं, पूर्ण भर घातली तर पडतील. आणि घरातली आजी पडली, उभं राहता येत नाही, पाय आखूड आणि पंजा बाहेर वळलेला दिसतोय, तर तिथे ना पॅड ना मालिश, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, न हलवता थेट हॉस्पिटल.