स्काउट पथकातील कौशल्य-प्रशिक्षण आणि नेतृत्वविकास : एका पालकाचा अभिप्राय

आमचा मुलगा ज्या स्काउट पथकात जातो, त्या पथकाच्या प्रशिक्षणाविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. कारण पथक निवडताना आपण पालक बहुधा गणवेशाचा रुबाब, शिबिरांची संख्या आणि बाहीवरच्या बॅजेसची रांग पाहतो, आणि इथे मुलांना प्रत्यक्ष शिकवते कोण, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. माझ्या मते पथकाची पारख याच प्रश्नावर करावी.

स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा जमलेल्या मुलांचे चार संघ करून प्रत्येक संघाची जबाबदारी एकेका मुलाकडे सोपवली होती. सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा संघनायक आणि उपसंघनायक ही रचना आजही सगळीकडे कागदावर असते. आमच्या पथकात ती कागदाबाहेरही दिसते, आणि या अभिप्रायातील माझी सर्वांत मोठी दाद त्यासाठीच आहे.

चौकोनी बांधणीचा, म्हणजे दोन काठ्या काटकोनात दोरीने घट्ट बांधण्याचा पाठ चालू असताना मी मैदानाच्या कडेला उभा होतो. उभ्या काठीवर क्लोव्ह हिच ही दोरी काठीला अडकवण्याची गाठ घालायची, दोन्ही काठ्यांभोवती दोरीचे तीन वेढे घ्यायचे, मग दोन काठ्यांच्या मधून दोन आवळवेढे देऊन दुसऱ्या काठीवर पुन्हा क्लोव्ह हिचने शेवट करायचा, एवढाच तो प्रकार. नवीन मुलाचे वेढे सैल पडत होते आणि ते समोर बसलेल्या उपसंघनायकाला स्वच्छ दिसत होते, तरी त्याने दोरी आपल्या हातात घेतली नाही. बांधणी पूर्ण होऊ दिली आणि एवढेच म्हणाला, ‘‘आता हलवून बघ.’’ काठ्या डुगडुगल्या. त्या मुलाने न सांगता सगळे सोडले आणि दुसऱ्या वेळी प्रत्येक वेढ्यागणिक दोरी खेचत गेला. स्काउटमास्तर हाकेच्या अंतरावर होते, पण एका शब्दानेही मध्ये पडले नाहीत. समजावून सांगणे, करून दाखवणे, सोबत राहून करून घेणे आणि मग पूर्णपणे सोपवून देणे, या चार पायऱ्यांतील शेवटची पायरी मोठ्या माणसांना सर्वांत जड जाते. इथे ती चौदा वर्षांच्या मुलाला जमलेली पाहून मला मनापासून आनंद झाला. शिकवणाऱ्यालाही त्यातून गाठीपलीकडचे काही मिळते, कारण सैल वेढा का सुटतो हे दुसऱ्याला पटवून द्यायचे, तर ते आधी स्वतःला नीट उमगलेले असावे लागते.

प्रथमोपचाराचे प्रशिक्षणही चांगले आहे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे गार वाहते पाणी धरायचे, बर्फ किंवा टूथपेस्ट लावायची नाही, हे इथे नुसते पाठ करून घेत नाहीत. एकाला रुग्ण करून पूर्ण सराव होतो आणि काही महिन्यांनी पूर्वसूचना न देता तो पुन्हा घेतला जातो.

नकाशा आणि होकायंत्र ही मात्र पथकाची दुबळी बाजू आहे. खरी उत्तर दिशा आणि होकायंत्र दाखवते ती उत्तर दिशा यांतील फरक मुलांना तोंडपाठ आहे, परंतु हा विषय एक प्रौढ स्वयंसेवक फळ्यावर शिकवतात आणि चाचणी ओळखीच्या मैदानावर होते, जिथे वाट चुकण्याची शक्यताच नसते. बॅज मिळतो, अनोळखी माळावर नकाशा जमिनीशी जुळवून पाहण्याची वेळ मात्र मुलांवर आलेलीच नसते. जिथे मुलांऐवजी मोठी माणसे शिकवू लागली, नेमके तिथेच प्रशिक्षण पातळ झाले, हा मला योगायोग वाटत नाही.

नेतृत्वविकासाचा गाभा म्हणजे संघनायकांची नियमित सभा, जिला बरीच पथके ‘कोर्ट ऑफ ऑनर’ म्हणतात. शिबिरात भांडी घासण्याच्या पाळ्या दोन मुले सतत चुकवत असल्याची तक्रार एकदा या सभेपुढे आली. संघनायकांनी शिक्षा सुचवण्याऐवजी पाळ्यांचा तक्ता नव्याने आखला आणि त्या दोघांपैकी एकालाच त्यावर देखरेख करायला सांगितले. हा तोडगा मोठ्यांच्या डोक्यातून निघाला असता, असे मला वाटत नाही. भांडारप्रमुख, लेखनिक, खजिनदार ही पदेही ठरावीक काळाने बदलतात, त्यामुळे चारचौघांत न बोलणाऱ्या मुलालाही जबाबदारी मिळते. आमच्या मुलाला भांडारप्रमुखाचे काम मिळाल्यावर तंबूच्या खुंट्या मोजून घेताना तो मोठ्या मुलांशी ठामपणे बोलू लागला.

पण याच सभेच्या अधिकाराला शिबिराच्या आखणीत कात्री लागते. दिवसभराचा कार्यक्रम प्रौढांच्या समितीने आधीच छापून आणलेला असतो आणि संघनायकांच्या हाती जेवणाचा बेत व खेळांची निवड एवढेच उरते. आपला शब्द कुठवर चालतो हे मुले फार लवकर ओळखतात, आणि मग सभेत सूचना येणे कमी होते. कुऱ्हाड, आग आणि पाणी यांवर मोठ्यांची नजर हवीच, आणि कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत आडोशाला राहणार नाही हा नियम इथे काटेकोरपणे पाळला जातो, याचे मला समाधान आहे. मात्र सुरक्षिततेची जबाबदारी मोठ्यांची म्हणून कार्यक्रमाची मालकीही त्यांचीच, असे होत नाही. इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे १९१९ साली सुरू झालेले, स्काउट पथके चालवणाऱ्या प्रौढांसाठीचे वुड बॅज प्रशिक्षण आमच्या स्काउटमास्तरांनी पूर्ण केले आहे आणि त्यांच्या संयमात ते दिसते; त्यांच्या साहाय्यकांनीही ते घ्यावे, म्हणजे मदतीच्या उत्साहात मुलांच्या हातचे काम काढून घेण्याची त्यांची सवय कमी होईल.

भराभर बॅज मिळावेत अशी अपेक्षा असलेल्या पालकांना हे पथक संथ वाटेल. मी मात्र ते आनंदाने सुचवीन, आणि प्रवेशापूर्वी वार्षिक सोहळ्याऐवजी एखादी साधी साप्ताहिक सभा पाहून यावी, असेही सांगेन. पुढच्या शिबिराची संपूर्ण आखणी संघनायकांकडे द्यावी, अशी विनंती आम्ही काही पालकांनी लेखी केली होती. त्यापैकी एका दिवसाची आखणी त्यांच्याकडे सोपवण्याचे पथकाने मान्य केले आहे.