चावीवाल्याच्या धंद्याचा विमा: दोन वर्षांनंतरचे मत

चावी-कुलपांचे काम स्वतंत्रपणे सुरू केले, तेव्हा चावी कापण्याचे यंत्र, कोऱ्या चाव्यांचा साठा आणि गाडी यांवर खर्च करताना मी फारसा विचार केला नाही. विमा मात्र सगळ्यांत शेवटी आणि काहीशा नाखुशीनेच घेतला. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या या एकत्रित पॉलिसीत इतरांच्या मालमत्तेचे नुकसान, दुकानातील माल आणि हत्यारे अशी तीन अंगे आहेत. दोन वर्षांनंतर माझे मत असे आहे की, आपल्या हातून जे मोडते त्याची भरपाई ही पॉलिसी नीट देते, पण आपल्याकडे जे सोपवले जाते त्याची जबाबदारी घेत नाही. आणि आमचा धंदा तर सोपवण्यावरच चालतो.

एका घराच्या दाराच्या कुलपाचा अडकलेला सिलिंडर, म्हणजे चावी घालून फिरवायचा भाग, ड्रिलने फोडताना चौकटीला तडा गेला आणि शेजारची काच फुटली. छायाचित्रे, कामापूर्वी ग्राहकाची सही घेतलेला कागद आणि बिल सादर केल्यावर, माझ्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा करून, दावा विनातक्रार मंजूर झाला. नवा सिलिंडर मी तिरका बसवला होता, तो बदलण्याचा खर्च मात्र मिळाला नाही. स्वतःचे चुकलेले काम पुन्हा करण्याचे पैसे दायित्व विम्यात, म्हणजे इतरांच्या नुकसानीसाठीच्या विम्यात, सहसा मिळत नाहीत आणि ते मला गैर वाटत नाही.

दुसरा दावा फेटाळला गेला. दुरुस्तीसाठी दुकानात आणून दिलेले तिजोरीचे कुलूप माझ्या टेबलावरून पडून निकामी झाले, तेव्हा विमेदाराच्या ताब्यातील मालमत्ता वगळणारे कलम मला दाखवण्यात आले. कलम पहिल्यापासून होतेच, मी ते वाचले नव्हते. तरीही कारागिराला पॉलिसी विकताना ही गोष्ट तोंडी तरी सांगायला हवी होती.

याहून मोठी उणीव चाव्यांबाबत आहे. लिनस येल (धाकटे) यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेल्या पिन-टंबलर रचनेचे (चावीने आतल्या छोट्या पिना योग्य उंचीवर आल्या की उघडणारे) एखादे कुलूप बिघडले, तर नुकसान एका दारापुरते राहते. परंतु त्याच रचनेवर उभारलेल्या मास्टर चावीच्या व्यवस्थेतील, सगळी दारे उघडणारी ती एक चावी माझ्याकडून हरवली, तर इमारतीतील सगळे सिलिंडर बदलावे लागतात, आणि तो खर्च मूळ पॉलिसीत नाही, कारण तेथे काहीही ‘मोडलेले’ नसते. त्यासाठी वेगळे पूरक कलम घ्यावे लागते. चिप असलेल्या वाहनचावीचे प्रोग्रॅमिंग चुकून गाडीचे इलेक्ट्रॉनिक युनिट बंद पडले, तर काय, याविषयीची भाषाही इतकी संदिग्ध आहे की दोन्ही बाजूंना आपलाच अर्थ खरा वाटेल.

हत्यारांचे संरक्षण ठीक आहे, मात्र रात्री रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीतून ती चोरीला गेल्यास भरपाई नाही.

अर्जात माझा व्यवसाय ‘हार्डवेअर विक्री’ असा नोंदवलेला होता, हे तर मला नूतनीकरणाच्या वेळीच दिसले. व्यवसायाचे वर्णन चुकीचे असल्यास कंपनी त्याच कारणाने दावा नाकारू शकते, म्हणून तो रकाना बदलून मी कुलूप उघडणे, बसवणे आणि वाहनचाव्यांचे प्रोग्रॅमिंग अशी तिन्ही कामे लिहून घेतली. चाव्यांचे व ताब्यातील वस्तूंचे पूरक कलम जोडल्याने हप्ता वाढला आहे; प्रोग्रॅमिंगविषयीच्या कलमाचा अर्थ मी लेखी मागितला असून, तो हाती येईपर्यंत वाहनांची कामे स्वीकारत नाही.