वरून उतरलेला पक्ष, खालून उगवलेला पक्ष

आमच्या वर्धेकडच्या गावात पारावर दोन्ही तऱ्हेच्या पक्षांचे लोक बसतात. काँग्रेस १८८५ साली मुंबईत ७२ प्रतिनिधींनी सुरू केली. त्यात वकील, संपादक असे शिकलेले लोक बरेच. गावापर्यंत ती झिरपली १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर, चार आणे वर्गणीवर सभासद होता येऊ लागलं तेव्हा.

रिपब्लिकन पक्षाचं उलट. १९४२ साली नागपुरातच डॉ. आंबेडकरांची शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन ही दलितांची संघटना, १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा, १९५७ ला पक्ष. आधी चळवळ, मग निवडणूक. पक्षाचे नेते दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला तो याच बळावर. मजुराच्या जमिनीचा प्रश्न असा पक्ष आधी उचलतो, म्हणून मला तोच जवळचा. गटागटांत त्याची शकलं झाली, याचं मात्र फार वाईट वाटते.